पासिंगपुरती गाडी

माझ्या मोटारीला पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची होती. त्यासाठी आधी गाडी तपासणीला उभी करावी लागते. आपल्याकडे त्याला कोणी योग्यता तपासणी म्हणत नाही, ‘पासिंग’ म्हणतात. आदल्या दिवशी नेहमीच्या गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्याने बॉनेटभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “सर, हे पांढरे बल्ब काढावे लागतील. हॉर्नपण. कंपनीचे ठेवलेत का तुम्ही?” मी ठेवले नव्हते. “हरकत नाही. माझ्याकडचे लावून देतो. पासिंग झालं की या, तुमचे परत बसवू.”

हे तो इतक्या सहजपणे बोलला की जणू लग्नापुरता कोट भाड्याने द्यायचा आहे. मला त्या क्षणी त्यात काही वावगे वाटले नाही, हे इथे कबूल करायला हवे. आयुष्यभर मुलांना यंत्रशास्त्र शिकवलेला माणूस मी, पण मान डोलावून मोकळा झालो. गाडी पास झाली. घरी येताना डोक्यात किडा वळवळू लागला. सरकारी यंत्रणेने नक्की कुठली गाडी तपासली? मी रोज चालवतो ती, की त्या एका सकाळपुरती तयार केलेली दुसरीच?

करोडीच्या तपासणी केंद्राबाहेर रिक्षा, टेम्पो आणि ट्रकची रांग लागते. तिथल्या चालकांशी थोडा वेळ गप्पा मारल्या की कळते, हा प्रकार माझ्यापुरता नाही. पासिंगपुरते टायर, पासिंगपुरता सायलेन्सर, पासिंगपुरती रिफ्लेक्टर पट्टी. मोटार वाहन कायद्याच्या ५६व्या कलमानुसार व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते. नव्या वाहनाला ते दोन वर्षांचे मिळते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. म्हणजे जुन्या रिक्षाचा किंवा ट्रकचा वर्षातला एक दिवस तपासणीचा. उरलेले ३६४ दिवस ते वाहन रस्त्यावर ज्या अवस्थेत असते, ती अवस्था कुठल्याच कागदावर येत नाही.

गाडीत बदल केला म्हणजे नेमके काय बिघडते? बहुतेकांना वाटते, हा आरटीओचा उगाच काढलेला काथ्याकूट आहे. गाडी माझी, पैसे माझे, मग त्यांना काय त्रास? याचे उत्तर समजायला आपल्या शहराइतकी चांगली जागा महाराष्ट्रात फार नाही. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्यांचे एक जगच उभे राहिले. एन्ड्युरन्स शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि डिस्क ब्रेक बनवते, व्हॅरॉक दिवे बनवते, शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी जोडल्या जातात. या शहरातल्या किमान काही हजार घरांत असे कोणीतरी आहे, ज्याला ठाऊक आहे की एखादी स्प्रिंग किंवा एखादा ब्रेक पॅड मंजूर व्हायला किती चाचण्यांतून जावे लागते. गाडीचे एक मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासले जाते. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, आरसे, सगळे. त्या चाचणीत पास होतो तो सुटा भाग नव्हे, तर सगळे भाग एकत्र असलेली गाडी. यातला एक भाग बदलला की आधीचे प्रमाणपत्र दुसऱ्याच गाडीचे होते.

बल्बपासून सुरू करू, कारण तो गुन्हा माझा होता. हॅलोजन हेडलाइटमध्ये बारीक तार विशिष्ट जागी असते आणि मागचा आरसा त्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. म्हणून लो-बीमला प्रकाश खाली आणि डावीकडे पडतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. त्याच खोबणीत बाजारातला एलईडी बल्ब बसवला की प्रकाश निघण्याची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. आरसा तोच, पण किरण भलतीकडे. चालवणाऱ्याला वाटते, वा, किती लख्ख दिसते! खरे तर त्याला जवळचा रस्ता जास्त उजळ दिसतो, आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायला काही सेकंद जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने दुचाकी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तीन सेकंद आंधळेपणाचे म्हणजे ५० मीटर. जालना रोडवर ५० मीटरमध्ये काय काय आडवे येऊ शकते, ते वाचकांना सांगायला नको. साठी ओलांडलेल्या, मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यांत हा प्रकाश आणखी पसरतो. संध्याकाळनंतर गाडी चालवणे सोडून दिलेले माझ्या वयाचे कित्येक लोक मला माहीत आहेत. त्यांना वाटते, आपले डोळे गेले. काहींचे गेलेही असतील. पण समोरच्या बल्बचाही त्यात वाटा आहे.

जास्त वॅटच्या हॅलोजनचे गणित वेगळे. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, लोक १००/९० चा बसवतात. बारा व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो, १०० वॅटला आठाहून थोडा जास्त. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपट नव्हे तर पावणेतीन पट. वायरिंग तेच, प्लॅस्टिकचे होल्डर तेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना बॉनेटखाली काय चालले असेल, ते बघा. कित्येक गाड्यांना लागणाऱ्या ‘अचानक’ आगीची सुरुवात अशी आधीच करून ठेवलेली असते.

आता सायलेन्सर. या विषयावर शहरात सर्वांत जास्त बोलले जाते, आणि बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने. पोलिस सायलेन्सर जमा करतात, रोडरोलरखाली चिरडतात, फोटो छापून येतो, आठवड्याने पुन्हा तेच. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, त्याहून लहान गाड्यांना ७५ आणि ७७. डेसिबल ही सरळ वाढणारी मोजपट्टी नाही, हे लक्षात घेतले नाही तर आकडे फसवतात. ८० चे ९० झाले म्हणजे आवाज थोडा वाढला असे नाही, ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. १०० झाले तर शंभरपट. एक मोकळ्या सायलेन्सरची बुलेट रात्री गल्लीतून जाते तेव्हा शंभर साध्या गाड्या एकदम गेल्यासारखी ऊर्जा भिंतींवर आदळते.

कान सहन करतो, पण शरीर करत नाही. झोपेत मोठा आवाज आला की आपण जागे झालो नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरके रक्तात येतात. दर रात्री हे दोन-चार वेळा झाले तर वर्षानुवर्षांनी त्याचा हिशेब हृदय मांडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीच्या आवाजासाठी रात्री ४५ डेसिबलखाली राहण्याची शिफारस केली, ती यामुळेच. आपल्या नियमांत रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र, तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. घाटी रुग्णालयात रात्र काढलेल्या कुणालाही विचारा, ४० डेसिबल कुठे ऐकू येतात. अतिदक्षता विभागातल्या माणसाला किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाला खिडकी बंद करून घेता येत नाही.

सायलेन्सर बदलण्यात आणखी एक नुकसान आहे, ते ऐकू येत नाही म्हणून त्याची चर्चा होत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुरातले विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराच्याच नळीत असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महागड्या धातूंचा थर असलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना बऱ्याच अंशी निरुपद्रवी करते. संपूर्ण नळी काढून बाजारातली बसवली की ती जाळीही गेली. गाडीच्या किमतीत आपण जिचे पैसे भरलेले असतात ती वस्तू भंगारात जाते आणि धूर मागच्या रिक्षात बसलेल्या पोरांच्या नाकात. पिकअप वाढतो म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की इंधनाचे प्रमाण संगणक ठरवतो. नळी बदलली म्हणून तो आपली आकडेमोड तुमच्या आवडीने बदलत नाही. आवाज वाढतो म्हणून वेग वाढल्यासारखा वाटतो, एवढेच.

मोठे टायर, उंच केलेली गाडी, पुढे बसवलेली जाडजूड लोखंडी गार्ड, ही मोटारवाल्यांची हौस. टायरचा घेर दहा टक्के वाढवला की स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८८ ने धावत असते, कारण त्याला फक्त चाकाचे फेरे मोजता येतात. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा पाळतो असे समजणारा माणूस मग १३२ ने जात असतो. पुढच्या गार्डबद्दल केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचे पत्र धाडले होते. मोटारीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा अशाच बेताने बनवलेला असतो. तो चुरगळण्यात धडकेची ऊर्जा खर्च होते आणि एअरबॅगच्या सेन्सरला ठोस मापही मिळते. लोखंडी गार्ड ती ऊर्जा सरळ चासीकडे पोचवते, एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते. आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याच्या मांडीशी बॉनेटऐवजी रॉड येतो.

हे सगळे खासगी हौशीचे झाले. रात्रीच्या ट्रॅव्हल्स बस हा वेगळा प्रकार आहे. त्यात धोका पत्करणारा आणि बदल करणारा यांचा काही संबंधच नसतो.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली एक खासगी स्लीपर बस नाशिकजवळ, आपल्याकडून नाशिकला जाणाऱ्याच रस्त्यावर, ट्रकला धडकून पेटली. बारा जण गेले. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटली, दाराची बाजू खाली गेली आणि आगीत २५ प्रवासी जळाले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला आपल्या जिल्ह्यात, वैजापूरजवळ जांबरगावच्या टोलनाक्याजवळ, सैलानीहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस ट्रकवर आदळली. बारा मृत्यू. तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती.

या तीनही अपघातांची कारणे एक नाहीत आणि तिन्ही बदल केलेल्या गाड्यांमुळे झाले असा माझा दावा नाही. पण धडक झाल्यावर किती जण वाचतात, हे गाडीच्या आतल्या रचनेवर ठरते. बसची चासी कंपनी बनवते, बॉडी बहुतेकदा दुसराच कोणी बांधतो. त्यासाठी बस बॉडी कोड आहे, स्लीपरसाठी एआयएस-११९ हे वेगळे मानक आहे. त्यात बाहेर पडायच्या वाटा, छतावरच्या झडपा, मधल्या मार्गाची रुंदी, आतले कापड आणि फोम किती वेगाने जळावे, हे सगळे ठरवून दिले आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर मग मधल्या जागेत एक बर्थ वाढतो, आणीबाणीच्या दारासमोर गादी येते, पडदे येतात, प्रत्येक डोक्याशी चार्जर आणि निळा दिवा येतो, डिकीत कुणाची दुचाकी येते. फोम आणि रेक्झिन पेटले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतात. अशा धुरात माणूस काही मिनिटांत, कधी त्याहून लवकर, शुद्ध हरपतो. झोपेतून उठून अंधारात दार शोधायला तेवढाच वेळ मिळतो. आणि दार सापडले, तर पुढे गादी.

आता पासिंगकडे पुन्हा येतो. या गाड्यांची तपासणी कशी होते? रिकामी. ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवा, हे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, तेव्हा कुठे राज्यात ट्रॅक झाले. त्या ट्रॅकवरून जी बस जाते तिच्यात माणसे नसतात, डिकीत पार्सल नसते, टपावर काही नसते. चाचणी तिथे आणि प्रवास इथे, यात जेवढे अंतर आहे तेवढेच आपल्या सुरक्षिततेतले भगदाड आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. नाशिकला यंत्रावरची तपासणी त्याच्याही आधीपासून आहे. यंत्र ब्रेकचा जोर रोलरवर मोजते, दिव्याचा कोन मोजते, धूर मोजते, निरीक्षकाच्या नजरेवर आणि ओळखीवर काही सोडत नाही. ही चांगली सुधारणा आहे, याबद्दल मला शंका नाही. माझ्या एलईडीचा कोन त्या यंत्राने एका सेकंदात पकडला असता. पण गॅरेजवाल्याने बल्ब बदलून गाडी पाठवल्यावर यंत्र काय पकडणार? जितके यंत्र काटेकोर, तितका पासिंगपुरत्या सामानाचा धंदा तेजीत, असेही होऊ शकते.

मग शिक्षा वाढवा, असे कोणी म्हणेल. शिक्षा आहेच. कायद्याचे ५२वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातल्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या, वर्णनाशी विसंगत बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बेकायदा बदल केलेली गाडी विकणाऱ्या विक्रेत्याला तर वर्षाची कैद आणि लाखाचा दंड होऊ शकतो. मी मात्र रोडरोलरखाली सायलेन्सरच पाहतो. तो ज्या दुकानातून आला ते दुकान दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उघडते, आणि वर्तमानपत्रातल्या फोटोत दुकानदार कधी दिसत नाही. अठरा वर्षांच्या पोराच्या गाडीवर मर्दुमकी दाखवणे सोपे आहे, हे एक. आणि पावती फाडून जी रक्कम दिसते ती आकडेवारीत छान दिसते, हे दुसरे.

रिक्षावाल्यांची बाजूही बघायला हवी. मुदत संपल्यावर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क, यावरून २०२४ मध्ये राज्यभर रिक्षाचालक रस्त्यावर उतरले होते. पासिंगला एक दिवस गेला म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली, आणि किरकोळ कारणाने गाडी परत पाठवली तर दुसराही गेला. अशा माणसाने टायर भाड्याने आणले तर मी त्याला गुन्हेगार म्हणणार नाही. नवे टायर घेण्याइतके पैसे हातात नाहीत, ही त्याची अडचण खरी आहे. तपासणी जितकी महाग आणि त्रासाची, तितकी ती फसवली जाते.

काही बदल तर चांगलेच असतात. पायांनी अधू असलेल्या माणसाने स्कूटरला मागे दोन चाके जोडून घेतली तर त्याला घराबाहेर पडता येते. कायद्यातच अशा बदलाला वाट आहे. मंजूर सीएनजी किट, विजेवर चालणारे रेट्रोफिट, यांनाही आहे. अट एकच, मंजूर सामान वापरा, परवानगी घ्या, चौदा दिवसांत नोंद करा. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्यावी लागते, तिच्यावरच्या पट्टीवर तारीख कोरलेली असते. ती तारीख उलटून गेली असेल तर पासिंग होऊ नये, आणि होत नाही. घरगुती सिलिंडरमधून रिक्षात गॅस भरणाऱ्यांना अर्थातच अशी कुठलीच पट्टी नसते. तो धंदा कुठल्या गल्लीत चालतो, हे सगळ्या गल्लीला माहीत असते.

माझे म्हणणे असे की तपासणीचा दिवस ठरलेला असण्यातच गडबड आहे. वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी करायची तपासणी राहू द्या, पण तिचे शुल्क आणि फेऱ्या कमी करा. त्याऐवजी मनुष्यबळ रस्त्यावर आणा, न सांगता. आवाजमापक आणि दिव्याचा कोन मोजणारे उपकरण हातात घेऊन क्रांती चौकात रात्री नऊला उभे राहा. दंड करायचा तर पावती न फाडता पंधरा दिवसांत मूळ भाग बसवून दाखवायला लावा. गॅरेजने कुठल्या गाडीत काय बदलले याची वही ठेवायला लावा. आणि बसची तपासणी सकाळी रिकाम्या मैदानावर न करता रात्री दहाला करा, प्रवासी चढत असताना.

बाबा पेट्रोल पंपाच्या परिसरात रात्री पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्स उभ्या असतात. पुढच्या वेळी चढाल तेव्हा आधी आणीबाणीचे दार कुठे आहे ते शोधा आणि उघडून बघा. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, छताची झडप मोकळी आहे का. दारासमोर बर्थ असेल तर नंबरप्लेटसकट फोटो काढा आणि आरटीओकडे पाठवा, शक्यतो बस सुटण्यापूर्वी. माझ्या गाडीत गॅरेजवाल्याचेच बल्ब अजून आहेत. त्याचे पैसे दिले. माझे पांढरे त्याच्या फळीवर पडलेले आहेत, आणि तो दर महिन्याला विचारतो, “सर, कधी बसवायचे?”